पिंपळीच्या पाणंदीवरची फक्की

९ नोव्हें., रवि.
सकाळी डाव्या कालव्याच्या भरावावरून सायकलनं लासुर्ण्यापर्यंत जाऊन आलो. मुरूम छान दबलाय. वाटेत एक मोटरसायकल, एक म्हैस, बाकी शुकशुकाट. येताना पिंपळीच्या अलीकडं भराव सोडला आणि खाली पाणंदीत उतरलो. एका बाजूला पेरूची बाग, दुसरीकडं कांदा, मधे बैलगाडीपुरती वाट. थेट गावाच्या मागं निघते, हायवे लागतच नाही. ऊस नाही म्हणजे ट्रॉली नाही. हीच हवी होती.
इतकी वर्षं बारामतीत दुकान आहे, निम्मी पिंपळी माझ्याकडून चष्मे नेते, आणि ही वाट मला कुणी सांगितली नाही. मुद्दामच सांगितली नसणार.
यास्मिनला (यापुढं नुसतं या.) सांगितलं. गेल्या हंगामात उसाच्या ट्रॉलीनं तिची स्कूटी घासत नेली, तेव्हापासून ती रस्ता ओलांडायलासुद्धा माझी बाही धरते. लग्नाआधी कॉलेजला सायकलवर जायची, हात सोडून. म्हणाली, "एकही ट्रॉली नाही? आधी तुम्ही चार वेळा जाऊन या, मग बघू."

१२ नोव्हें., बुध.
दुकान उघडायच्या आधी जाऊन वळणांवर पांढऱ्या फक्कीचे बाण मारले. रविवारी सायकल ग्रुप नेणार, भराव कुठं सोडायचा ते कळायला हवं. फक्की शाळेतली, कबड्डीचं मैदान आखून उरलेली, सरांकडून मागून आणली. पाणंदीच्या तोंडाशी चांगला ऐसपैस बाण.
पेरूच्या बागेतून कुणीतरी बघत होतं. मी हात केला. तिकडून हात आला नाही.

१४ नोव्हें., शुक्र.
पाणंदीतले बाण गायब! कालव्यावरचे जागच्या जागी. पुसलेले नाहीत, खोऱ्यानं माती ओढून झाकलेत. गुरांनी तुडवले म्हणावं तर गुरं खोरं धरत नाहीत. वर बाभळीची फांदी आडवी. काटा घुसून पुढचं चाक बसलं, गावापर्यंत ढकलत आलो.
बाग शंकरतात्यांची. दिवाळीआधी माझ्याकडूनच जाड भिंगांचा चष्मा नेला. माझ्याच चष्म्यातून माझेच बाण शोधतोय म्हातारा.
या. म्हणते, "तुम्हाला पेपर टाकणाऱ्याचापण संशय येतो."
येतोच. रविवारची पुरवणी जाते कुठं?

१६ नोव्हें., रवि.
सगळा विचका.
आम्ही नेहमीचे, आणि दातांच्या डॉक्टरांबरोबर एक पुण्याचा पाहुणा. सायकल कोरी करकरीत, टायरला मुरमाचा कण नाही. बूट सायकलवाल्याचे, पोटऱ्या खुर्चीतल्या. सगळ्या वाटेनं विचारतोय, ही वाट केवढी रुंद? बाग कुणाची? हायवे इथून किती आत? कुठंतरी पाणी मुरतंय.
पाणंदीच्या तोंडाशी आडवा चर. ताजा, गुडघाभर. आसपास कुणी नाही. मागं वळून हायवेनं आलो, ट्रॉल्यांच्या मधून, त्यांची गाणी ऐकत. लाज वाटली. या. आली नव्हती ते बरंच. पाहुणा मात्र खुशीत, चराचेसुद्धा फोटो.
दुपारी त्याचा मेसेज, नंबर वाटेतच मागून घेतला होता. अशी वाट शोधून काढायला नजर लागते म्हणे, मोबाईलवर नोंदवलेला रस्ता पाठवाल का? चष्मेवाल्याला नजरेचं कौतुक! फुगलो आणि पाठवला.

२० नोव्हें., गुरु.
बाजारचा दिवस, दुकानात गर्दी. शंकरतात्या आले. चष्म्याची दांडी सैल झाली म्हणाले. दांडी ठणठणीत होती, म्हणजे काम दुसरं. गर्दी सरेपर्यंत बाकावर बसून राहिले.
"भाई, मोजणी कुणाची हाय?"
"कसली मोजणी?"
"आमाला यडं समजू नगा. फक्की तुमीच मारली, म्या बघितलं. हितं फक्की येक तर घराचा पाया आखाया लागती, न्हाय तर रस्ता काढाया. घर तर काय तुमी माझ्या बागंत बांधत न्हाय."
तिसरा उपयोग कबड्डीचा, पण तो काढायची ही वेळ नव्हती.
"बायपास निघणार म्हणून गावात बोलवा हाय. त्यात तुमची मान्सं आली. डोक्याव टोप्या, मोबाईलात बघत चालल्याती, मधीच थांबून फोटू काढत्याती. मोजणीवालं न्हाय तर कोण म्हणायचं?"
पटलं. त्यांच्या जागी मी असतो तर चर कमरेएवढा खणला असता.
मग या.चं सांगितलं. ट्रॉली, स्कूटी, बाही धरणं. तात्या चष्मा पुसत ऐकत होते. उठताना म्हणाले, "शनवारी बायकूला घिऊन या. चराजवळ हाळी द्या."
दांडीचे पैसे देऊ लागले. घेतले नाहीत. दांडीला झालंच काय होतं?

२२ नोव्हें., शनि.
या.ला घेऊन गेलो. रिक्षात मी नि ती, सायकल टपावर बांधलेली. वरात दिसत असणार.
तात्यांचं घर बागेतच. काकूंनी गरम भाकरी नि ठेचा दिला. मी तुकडा मोडणार तेवढ्यात तात्या म्हणाले, "थांबा. भाकर हातात हाय. आता सांगा, मोजणी न्हाय?"
काकू चुलीपासून म्हणाल्या, "ह्या घरात भाकर हातात घिऊन कुनी खोटं बोलत न्हाय. बोललं तर पचत न्हाय."
"अन्नाशप्पथ, नाही," म्हणालो. या.सुद्धा म्हणाली, तिला कुणी विचारलं नव्हतं तरी. नेमकी त्याच वेळी ती कोरी करकरीत सायकल डोळ्यापुढं आली. गटागटा पाणी प्यालो. ठेचा तिखट आहे म्हणालो.
तात्यांनी स्वतः चर बुजवला, मला खोरं धरू दिलं नाही. या. सायकलवर बसली. आधी डुगडुगली, मग पाणंदीतून भरावापर्यंत गेली, वळली, आली. समोर कुणी नसताना घंटी वाजवत होती. मला रडू आलं. तात्या पेरूकडं बघत राहिले.
जाताना एकच अट. "बाण नगं. वाट इचारत या. तोंड हाय न्हवं?"

२५ नोव्हें., मंगळ.
चैन पडेना. पाहुण्याला मेसेज टाकला, पुन्हा कधी येताय? वाचला, उत्तर नाही. फोन केला, उचलला नाही.
डॉक्टरांना विचारलं, तुमचा पाहुणा करतो काय?
"माझा कुठला? कालव्यावर भेटला, बरोबर सायकल चालवू लागला. मला वाटलं तुमच्या ओळखीचा."
ग्रुपमधल्या सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाला तो दुसऱ्याच्याच ओळखीचा वाटला होता. नुसतं आडनाव कळलंय, नाव कुणालाच ठाऊक नाही.
या.ला बोललो. म्हणाली, "आला असेल बिचारा सायकल चालवायला. झालं का तुमचं सुरू?" असेलही. पण त्या पोटऱ्या…

२८ नोव्हें., शुक्र.
सकाळी तात्यांचा फोन. "भाई, फक्की परत पडलीया. ह्या टायमाला बाण न्हाय. सरळ हाय."
दुकान न उघडता गेलो. भरावापासून निघालेली पांढरी रेघ, पाणंद ओलांडून पेरूच्या बागेतून पलीकडं. दगडांवर लाल रंगाचे आकडे. कुणी मारली, कधी मारली, गावात कुणाला ठाऊक नाही. पाण्याच्या पाइपलाइनचीही असेल. असेल. पाइपलाइन एवढी रुंद?
तात्या बांधावर बसलेले.
"भाकर खाल्लीवती तुमी."
"तात्या, मी नाही."
"मंग कोण?"
एकाला रस्ता पाठवला होता, हे सांगितलं. नाव काय, विचारलं त्यांनी. मला सांगता आलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्याच दुकानाच्या भिंगांतून. विश्वास बसला की उडाला, कळलं नाही. मला डोळ्यांचं एवढं कळतं आणि तेवढंच कळेना.
बांधाला दोन खोरी टेकवलेली होती. एक उचलून ते पाणंदीच्या तोंडाशी गेले आणि खणू लागले. सहा दिवसांत बुजवलेली माती दबली नव्हती, भुसभुशीत होती. दुसरं तिथंच ठेवलं. मग मी ते उचललं. दोघांनी मिळून खणलं, पहिल्यापेक्षा खोल. चरानं मोजणीवाले अडतात थोडेच, हे दोघांनाही कळत होतं.
घरी आलो तर या.नं दोन्ही सायकलींत हवा भरून ठेवलेली. रविवारी काकूंसाठी खारी न्यायचीय म्हणे, खोक्यात बांधून घेतलीय.
जेवायला वाढताना तळहातांचे फोड दिसले तिला. "हाताला काय झालं?"
"हँडल लागलं," म्हणालो. ताटात भाकरी होती. भाकरीला हात लावायच्या आधी बोलून घेतलं.