टिप्याचा 'ये'

उंब्रज, मंगळवार, १९७४

टिप्या आज पुन्हा फाटकाबाहेर पळाला. ट्रकवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचला. दोन महिने शिकवतोय, 'थांब' म्हटलं की फाटकात बसायचं, 'ये' म्हटल्याशिवाय मोठ्या रस्त्याकडे पाऊल टाकायचं नाही. पलटणीत एवढे रंगरूट घडवले, एक कुत्रं जमू नये?

पण चूक त्याची नाही. सुट्टी संपवून धाकटा दत्तू निघाला, वळून म्हणाला, "येतो गं आये." टिप्यानं त्यातला 'ये' ऐकला आणि सुटला. आपल्यात निघणारा माणूस 'येतो'च म्हणतो, हे मला आधी कसं सुचलं नाही?

हिला म्हटलं, पुढच्या खेपेला दत्तूला दुसरं काही म्हणायला सांगू.

"आवं, कुत्र्यापायी लेकाला 'जातो' म्हणाय लावणार व्हय?"

मग टिप्यालाच नवा शब्द शिकवायला बसलो. 'चल' म्हटलं तर ढिम्म हलत नाही. त्याचा 'ये' काही सुटायचा नाही. शेवटी साखळी घातली.

थोरलाही याच फाटकातून 'येतो' म्हणून लढाईवर गेला होता. तो शब्द खरा मानणारं घरात आता एक कुत्रंच उरलंय, आणि त्यालाच मी बांधून ठेवलंय.