टर्बो निवेपर्यंत

ताइपिंग,
३ मार्च २००२

आदरणीय काकलोंग यांस,
दीनचा सलाम वि. वि.

गेल्या मंगळवारपासून माझ्या भाताच्या भांड्याकडे जाण्याचा मार्ग बंद असून, त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी हा अर्ज आपल्या चरणी सादर करीत आहे. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि पत्रात तुम्ही माझं ऐकत नाही; पण घरात थोरल्या तुम्हीच, दुसरं कार्यालय मला ठाऊक नाही.

जपानहून दोन खोकी आली आहेत. एक टोपलीएवढं, दुसरं माझ्याहून लांब. ते बोळात आडवं बसतं, उभं केलं की पडतं. मी त्याच्यावरून ढांग टाकून स्वयंपाकघरात जातो, कशाला आलो ते विसरतो, आणि परत ढांग टाकून बाहेर येतो. आणून देणारा म्हणाला, खोक्यावर सलबियाबाईंचं नाव आहे, सही त्यांचीच हवी. मी म्हटलं, ती घरी नाही. कधी येतील, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, उशीर होईल. मग माझी सही त्यानं चालवून घेतली.

आत पाईप आहेत. तुमच्या धाकट्या बहिणीनं जाण्याआधी गाडीसाठी मागवून ठेवलेले. गाडी तुम्ही पाहिलीच आहे: आकार कपाटाचा, पोटात जपानी टर्बोचं इंजिन. लग्नापासून मी तिच्या डाव्या हाताला बसत आलो. पाईप कुठून कुठे जातात हे विचारायची वेळ आली नाही. विकून टाकावेत असं वाटतं. खरं म्हणजे काहीच वाटत नाही, पण तसं लिहिलं की पत्र पुरं होतं.

लोभ असू द्यावा. फक्त तो खोक्यात घालून पाठवू नये.

आपला,
दीन


माचांग,
१२ मार्च २००२

चि. दीन यास,
काकलोंगचे आशीर्वाद वि. वि.

अर्ज पोचला. निकाल असा की, पाईप विकायचे नाहीत.

ईदला तुम्ही घाट ओलांडून आलात, तेव्हा सलबिया गाडीतून उतरली ती फणफणतच. चढावर गाडीला धाप लागली, कोबीचा ट्रक पुढे निघून गेला, आणि वर त्या मेल्यानं हात हलवला म्हणे! ताटावर बसायच्या आधी तिनं मला धडा दिला, की टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरणारा पंखा, तो इंजिनात हवा कोंबतो; पण पुढे नाक चोंदलेलं आणि मागे वाट अरुंद, तर बिचारा करणार काय. निम्मं मला ऐकू आलं नाही, उरलेलं कळलं नाही. पुढच्या ईदला ट्रक मागे टाकणार, हे मात्र तिनं माझ्या कानात ओरडून सांगितलं, तेवढं पोचलं.

आता तू ऐक. चोवीस एप्रिलला तिचा शंभरावा दिवस. कबर इथे, म्हणून कंदुरीचं जेवणही इथे, आमच्या अंगणात. तिसऱ्या दिवशी तू होतास, पण नव्हतासच. चाळिसाव्याला तुला सर्दी झाली होती. पत्रातली सर्दी मला बरोबर ओळखता येते, बाबा. बसनं ये, गाडीनं ये, कसाही ये. लायसन आहे ना तुझ्याकडे, की तेही तीच सांभाळायची? नवऱ्यावाचून शंभरावा उरकला, तर गाव काय बोलायचं ते बोलेल. मी मात्र तुझ्याशी पुन्हा बोलणार नाही. मग कितीही लांबलचक समजूत घाल, मी बहिरी आहे.

जेवतोस का? आंबवलेल्या मासळीच्या बुडूची बाटली सोबत धाडते. भातावर घे. वास येतो का तेवढं कळव.

मायेत खंड नाही, रागातही नाही.

तुझी,
काकलोंग


ताइपिंग,
२ एप्रिल २००२

आदरणीय काकलोंग यांस,
दीनचा सलाम वि. वि.

बुडूचा वास शेजाऱ्यांना आला. मला नाही.

गाडी तौके लिआँगच्या, म्हणजे लिआँगशेठच्या, गॅरेजात दिली. म्हणजे तोच येऊन घेऊन गेला, खोक्यांसकट. चिकगू गेल्यापासून गॅरेजात भांडायला माणूस उरलं नाही, असं तो म्हणाला. (इथे सगळं गाव सलबियाला चिकगू, म्हणजे शाळेतल्या बाई, असंच म्हणे, ज्यांना तिनं कधी गणित शिकवलं नाही तेसुद्धा.) पुढची काळी पेटी काढून त्यानं अळंबीसारखा उघडा फिल्टर बसवला, त्याला रुंद पाईप, मागे टर्बोपासून शेवटपर्यंत सगळी वाट मोठी केली. शेपटीचं तोंड आता चहाच्या मगाएवढं आहे. मग मला बसवून ॲक्सिलरेटर दाबायला लावला. पाय सोडला तशी गाडी फुस्स करून इतकी चिडली की समोरचं मांजर पत्र्यावर गेलं. लिआँग हसत माझ्याकडे बघत राहिला. मी म्हटलं, ठीक आहे. त्याला ते लागलं. ठीक आहे काय, चिकगू असत्या तर नाचल्या असत्या, म्हणाला. मी म्हटलं, मला नाचता येत नाही.

एक डबी त्याला माझ्या गळ्यात मारायची होती. पळून आलेला टर्बो लाल तापलेला असतो, लगेच बंद केला तर त्यातलं तेल जळतं. म्हणून किल्ली काढून माणूस निघून गेलं तरी ही डबी इंजिन मिनिटभर चालू ठेवते. सलबियानं ती त्याला दोनदा परत केली होती. बसायला माणूस असताना डबी कशाला, असं म्हणाली होती. आता चिकगू नाहीत तर बसवू का, असं त्यानं विचारलं. मी नको म्हटलं.

जुना सायलेन्सर त्यानं परत दिला. तपासणीला लागेल, जपा म्हणाला. तेव्हा बोळ पुन्हा बंद आहे.

येईन असं लिहीत नाही. येणार नाही असंही लिहायला बसलो होतो, तेही जमलं नाही.

राग कायम असावा, त्यामुळे बरं वाटतं.

आपला,
दीन


माचांग,
२९ एप्रिल २००२

चि. दीन यास,
काकलोंगचे आशीर्वाद वि. वि.; शिव्या पुढे आहेत.

आलास, फार बरं केलंस. पण ही कुठली रीत रे?

सगळे चटयांवर बसलेले, इमामसाहेबांनी दुआला हात उचललेले, तेवढ्यात भातशेताच्या पलीकडून घुमायला लागलं. मला ऐकू आलं, दीन! यंत्र कानात नव्हतं, तरी. चटईखालची जमीन थरथरली म्हण. मी अनवाणी धावले. तू गाडी नारळाखाली आणलीस, आणि उतरलाच नाहीस. काचा बंद, इंजिन चालू, नजर समोर. इमामसाहेब खोळंबले, कढईतली बीफची गुलाई निवायला लागली. धाकटी मावशी म्हणाली, जावई रुसला. तिचा मुलगा म्हणाला, रुसला कसला, एसी सोडवत नसेल. मी काचेवर टकटक केली, तर तू मला बोट दाखवलंस. एक बोट! मला! मग कधीतरी इंजिन बंद केलंस, उतरलास, दुआला बसलास, दोनदा गुलाई मागून घेतलीस, सकाळी कबरीवर जाऊन आलास आणि निघून गेलास.

लोकांत विचारायचं नव्हतं, म्हणून आता विचारते. आत यायची भीती वाटली का? रडत होतास? मोठ्या बहिणीपासून लपवू नकोस.

गाडीचं नाक-शेपूट मोकळं झालं, तुझंही होवो, हीच दुआ.

तुझी,
काकलोंग


ताइपिंग,
६ मे २००२

आदरणीय काकलोंग यांस,
दीनचा सलाम वि. वि.

रडत नव्हतो. रुसलोही नव्हतो. एसी बंद आहे, तो गेल्या वर्षीच गेला.

घाटात हत्तींच्या पाटीपाशी एक ट्रक मागे टाकला. कोबीचा नव्हता, विटांचा होता. तिनं चालवून घेतलं असतं. गाडीला धाप लागली नाही. आनंद वगैरे मला झाला नाही. हात मात्र हलवला.

आता त्या बोटाबद्दल. इतकी वर्षं आम्ही कुठेही पोचलो, की ती इंजिन चालू ठेवून बसून राहायची, टर्बो निवावा म्हणून. थांब रे, मिनिटभर बस, असं दर वेळी म्हणायची. मी दार आपटून उतरायचो. जेवण निवतंय, तुझा टर्बो नाही निवला तरी चालेल, असं म्हणत पिशव्या घेऊन आत जायचो. तुम्हीच तर दारात मला एकट्याला बघून विचारायचात, बाई कुठे टाकलीस म्हणून.

तर ते मिनिट द्यायचं राहिलं होतं. इमामसाहेबांची माझ्या वतीनं माफी मागावी.

बंद केल्यावर सगळं शांत झालं, आणि खालचं तापलेलं लोखंड टिकटिक करायला लागलं. बराच वेळ करतं ते. मला माहीत नव्हतं. तोवर मी नेहमी आत गेलेला असायचो. मग गुलाईचा वास आला.

हे पत्र टाकायला गाडीनंच जातो. पोस्ट कोपऱ्यावर आहे, एवढ्यात टर्बो तापतही नाही. तरी परत आलो की बसेन. मिनिटं बरीच बाकी आहेत.

लोभ आहेच, तो किल्ली काढल्यावरही चालू राहावा.

आपला,
दीन