बक्षिसाच्या घड्याळाचं मॉडेल

ती. काकांना,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, प्रत्यक्ष वाकायला कंबर परवानगी देत नाही). तुमचा गुडघा आणि काकूंचा रक्तदाब आपापल्या जागी असतील अशी आशा आहे. आमच्याकडे सगळे मजेत. माझा अंगठा तेवढा बँडेजमध्ये आहे, त्याचं कारण पुढे येईलच.

तर, कारखान्याच्या निवृत्त कामगार संघाने बाबांचा सत्कार ठरवलाय. एकदाही उशीर न केल्याबद्दल त्यांना मिळालेलं ते मनगटी घड्याळ काचेच्या पेटीत मांडायचं आणि खाली मॉडेलचं नाव, साल लिहायचं. चिटणीस म्हणाले, नाव तेवढं तुम्ही शोधा. मी हो म्हणालो. (नाही म्हणता आलं असतं तर आज मीच कुठल्यातरी संघाचा चिटणीस असतो.)

तबकडीवरची अक्षरं कधीच पुसली गेलीत. कोपऱ्यावरच्या घड्याळजीने डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं आणि "जुनं आहे" असं निदान केलं. मग मी इंटरनेटवर जुन्या घड्याळांच्या शौकिनांच्या ग्रुपमध्ये फोटो टाकला. तिथे एक निवृत्त दंतवैद्य आहेत आणि एक विमा एजंट. एकाने काट्यांवरून एक मॉडेल सांगितलं, दुसऱ्याने किल्लीवरून दुसरंच, आणि मग दोघांनी एकमेकांची अक्कल काढली. (घड्याळ बिचारं तेव्हाही बरोबर वेळ दाखवत होतं.) शेवटी फर्मान निघालं: मागचं झाकण काढून आतला फोटो पाठवा. मी भाजीची सुरी घेऊन बसलो. झाकण उघडलं नाही, अंगठा उघडला. बायको म्हणाली, "वेळ कळतेय ना त्यात? मग अजून काय हवंय?" पण शौकिनांना वेळेशी काही देणंघेणं नसतं. अखेर घड्याळजीनेच झाकण काढून दिलं.

आतला नंबर पाहून दंतवैद्य आणि विमा एजंट यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. हे मॉडेल बाबांच्या बक्षीस समारंभानंतर चार वर्षांनी बाजारात आलं होतं! काका, खोटं बोललो म्हणून ज्यांनी माझे कान पिळले, त्या बाबांना आता संघापुढे खोटं पाडायचं ते मीच? शेवटी धीर करून विचारलं. बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बरोबर आहे. हे मी नंतर विकत घेतलं. बक्षिसाचं मागे पडायचं. वेळेवर येतो म्हणून मिळालं आणि त्याच्याच भरवशावर पहिल्यांदा उशीर झाला. देऊन टाकलं." लोक यालाच बक्षिसाचं समजत गेले, आणि किती जणांना सांगत बसणार म्हणून बाबा गप्प राहिले. ते पहिलं कुणाला दिलं, ते मात्र काही केल्या सांगेनात. असो.

काकूंना नमस्कार, गुडघ्याला जपा.

तुमचा पुतण्या

ता. क. तुमच्या लग्नात बाबांनी दिलेलं घड्याळ अजून तुमच्याकडे आहे ना? सत्कारापुरतं पाठवून द्याल का? कशाला, ते विचारू नका.

आणखी ता. क. कळलंच असेल, तर कळलं नाही असं दाखवा. आईने शेवटी नाव फोडलं, तेव्हा बाबांनी मला दम भरला, "त्याला सांगशील तर याद राख. दादाने हौसेने घेऊन दिलं म्हणून मिरवतो तो." मी म्हटलं, पण मागे पडणारं घड्याळ, आणि तेही सख्ख्या भावाला? तर म्हणाले, "स्वतःच्या लग्नाला उशिरा पोचला होता तो. म्हटलं, या दोघांचं जमेल."