नोटिशीसोबत आलेला डबा

आदरणीय डॉ. सरोज मॅडम,

१. मंगळवारी सकाळी गुंजवण्याच्या वरच्या वस्तीवर भात झोडताना सखूबाईंना विंचू चावला.
२. उपकेंद्रात मी एकटी होते. तुम्हाला तीनदा फोन केला, लागला नाही.
३. हातपाय गार, दरदरून घाम, नाडी एकशे तीस. तुमच्या आदेशाशिवाय मी विंचूदंशावरची गोळी दिली आणि त्यांना तालुक्याला पाठवलं.

चौथ्या दिवशी त्या भेटायला आल्या. "तुमी फोन घिऊनच बसला असता, तर म्या कवाच गेली असती की, सिस्टर!" म्हणून हसल्या.

शनिवारी एसटीने तुमची नोटीस आली: परिचारिकेने अधिकार का ओलांडला? त्याच पिशवीत त्याच गोळ्यांचा नवा डबा होता, चिठ्ठीशिवाय. उत्तरं तीन लिहिली, तिन्ही खणात आहेत. हे चौथंही अजून पाकिटात घातलेलं नाही.

शिक्षा मला मान्य आहे. पण डबा तुम्हीच ठेवला असेल, तर एवढं वाक्य सहीनिशी द्या: फोन न लागल्यास पहिली गोळी परिचारिकेने द्यावी.

बुधवारी वस्तीवर पुन्हा झोडणी आहे. कृपया मंगळवारपर्यंत उत्तर द्यावं.

आपली,
शिवानी