चौथ्या मजल्यावरची गव्हाण

दिनांक २१ नोव्हेंबर, शुक्रवार. सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटे. खिडकीशी बसून नखांत अडकलेले पॉलिश टाचणीने काढत होतो. डाव्या हाताचे काढून झाले, उजव्याचे राहू दिले आणि पत्र लिहायला घेतले.

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. आठही अंगे जागेवर आहेत आणि नोकरीही जागेवर आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुम्ही दचकून उठणार नाही. (कमरेला ते चांगले नाही.) कंबर आता कशी आहे? मामीचा खोकला गेला का, की अजून नेमका दुपारी डोळा लागल्यावरच येतो? तांबडी बरी आहे ना? तिचे दात कसे आहेत? हे मी उगीच विचारत नाही. मागचे अकरा दिवस माझे काही खरे नव्हते. आता सगळे संपले आहे, म्हणून क्रमाने लिहितो.

तुम्ही मला या फर्निचरच्या कारखान्यात चिकटवून दिलेत, त्याला तीन महिने होत आले. तेव्हा तुम्ही मालकांना शब्द दिला होता, की पोराची शाळा सातवीतच सुटली, पण हातातली वस्तू तो कधी नासवणार नाही. तीन महिने काम बघतो आणि मग कायम करायचे की नाही ते ठरवतो, असे मालक म्हणाले होते. तो तुमचा शब्द मी रोज सकाळी एप्रनबरोबर अंगावर चढवत आलो. आणि मामा, मी वस्तू नासवली. तीही तुमचीच. म्हणजे नासवली असेही म्हणता येत नाही. तोच तर घोटाळा झाला.

शहरात सध्या शेतासारखे राहण्याची हवा आहे. शेत कुणाला नको आहे, शेतासारखे हवे आहे. आमच्या गिऱ्हाइकांत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या एक बाई आहेत, दातांच्या डॉक्टर. त्यांनी फ्रिज फळ्यांच्या कपाटात लपवला आहे आणि त्या कपाटाला बाहेरून जाडजूड अडसर लावून घेतला आहे, त्यामुळे चहाला दूध काढायचे तर दोन माणसे लागतात. पडदे गोणपाटाचे आहेत. (गोणपाट टोचते म्हणून आतून मऊ अस्तर आहे, आणि ते अस्तर दिसू नये म्हणून शिंप्याला वेगळी शिलाई द्यावी लागली.) बाईंचे यजमान विमा कंपनीत आहेत. ते घरात गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून हिंडतात आणि बाहेर चिखलात जाताना काढून ठेवतात. सोफ्याच्या जागी वाळलेल्या गवताचे चौकोनी गठ्ठे आहेत. गॅलरीत कोबीचे चार गड्डे लावले आहेत, पण त्यांना लाडाची नावे ठेवल्यामुळे ते कापवत नाहीत, म्हणून कोबी बाजारातून आणतात. हसू नका, मामा. याच हवेवर आमचा कारखाना सात महिने चालला आहे.

अशा लोकांना नवे लाकूड चालत नाही. म्हणून आम्ही आधी नवे टेबल करतो आणि मग ते जुने करतो. साखळीने झोडपायचे, व्हिनेगरमध्ये तारेची घासणी भिजत घालून ते काळे पाणी फासायचे, बारीक खिळ्याने किड्यांची भोके पाडायची. हे काम आमचे थोरले मिस्त्री करतात, आणि करताना बोलत राहतात, की चाळीस वर्षे लाकडावर हातोड्याचा वण उठला म्हणून बोलणी खाल्ली, आता वण कमी उठले म्हणून खातो. मला ते झोडपणे काही जमले नाही. पहिल्या दिवशी साखळी मारण्याआधी मी टेबलावरून एकदा हात फिरवला. ते पाहून मिस्त्री म्हणाले, ह्याला पॉलिशलाच ठेवा.

तर या बाईंना बशा मांडायला भिंतीवर एक खरी गव्हाण हवी होती, गुरांनी खरोखर चारा खाल्लेली. मालक म्हणाले, आता ती कुठून आणायची. आणि मला कुणीही विचारले नसताना मी म्हणालो, की आमच्या मामांच्या गोठ्यामागे एक पडली आहे, तांबडीने कडा कुरतडल्या म्हणून काढलेली. पुढचे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या फोटोत त्या कुरतडलेल्या कडा पाहून बाईंनी लगेच आगाऊ रक्कम दिली, आणि सोमवारी, दहा तारखेला, टेम्पोतून गव्हाण आली. जळणात जायची वस्तू तुम्ही एवढी जपून बांधून पाठवलीत, त्याबद्दल आभार. सुतळी सोडवून गुंडाळून ठेवली आहे.

मालक त्याच दिवशी लाकूड खरेदीला बाहेरगावी गेले. जाताना म्हणाले, शेणमाती काढून नुसती पुसून ठेव. मी पुसली. पुसल्यावर भोके दिसू लागली. मामा, ही तुमच्या घरची वस्तू. बाईंकडे दहा माणसे येणार, बघणार आणि विचारणार, की ही दशा कुणाच्या घरची. म्हणून मी भोकांत लांबी (भोके बुजवायचा मसाला) भरली. लांबी भरल्यावर कडा फारच कुरतडलेल्या दिसू लागल्या, म्हणून कडांवर रंधा मारला. मग कडा गोऱ्या आणि बाकीचे अंग काळे, हे बरे दिसेना, म्हणून सगळीकडे मारला. मग पॉलिशपेपर, आधी जाड, मग बारीक. मग पॉलिशचे तीन हात. (मिस्त्री तापाने घरी होते, नाहीतर त्यांनी मला धरून ठेवले असते.) गुरुवारी सकाळी गव्हाणीत माझा चेहरा दिसत होता. इतके चांगले काम मी जन्मात केलेले नाही.

मालक आले. त्यांनी ती पाहिली, छान झाली आहे म्हणाले, आणि जुनी कुठे आहे म्हणून शोधू लागले. फळ्यांच्या थप्पीमागे पाहिले, टेम्पोच्या शेडमध्ये पाहिले, ताडपत्री उचलून पाहिली. मी मागोमाग फिरत होतो. शेवटी मी सांगितले, की जुनी हीच. ते भुशाच्या पोत्यावर बसले. अगदी हळू आवाजात म्हणाले (ओरडले असते तर मला बरे वाटले असते), "तुझ्या मामानं शब्द दिला होता. शनिवारी ही फोटोत आहे तशी त्या बाईंच्या भिंतीवर दिसली पाहिजे. नाहीतर सोमवारी तू यायचं नाहीस."

म्हणजे दोन दिवस. जी साखळी मला परक्याच्या टेबलावर मारवली नव्हती, ती मी तुमच्या गव्हाणीवर मारली. प्रत्येक फटक्याला मनात तुमची क्षमा मागितली. (ती अंदाजे दोनशे साठ वेळा झाली. पत्रात तेवढी लिहीत बसत नाही, मिळाली असे धरावे.) पॉलिश खरवडले, लांबी उकरून काढली, कोरा चहा उकळून पाजला, कुंडीतली माती चोळली. राहता राहिले दात. गोल पटाशीने खुणा पाडायच्या हे ठरले, पण किती रुंद आणि किती खोल, हे फोटोवरून कळेना. मिस्त्री ताप उतरून कामावर आले होते. ते म्हणाले, मग स्वतः चावून बघ. ती चेष्टा होती, हे मला नंतर कळले. मी एका कोपऱ्याला चावलो, वण मोजला, आणि त्या मापाने कडेच्या दोन्ही बाजूंना मिळून एक्केचाळीस खुणा पाडल्या, दोन खुणांमध्ये बरोबर एक बोट अंतर ठेवून. मिस्त्रींनी चष्मा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिले. "गाय काय फूटपट्टी घेऊन खात होती?" असे त्यांनी विचारले. मग त्यातल्या काही खुणा मी वाकड्या केल्या. त्याला सर्वांत जास्त वेळ लागला.

शनिवारी मालक आणि मी गव्हाण घेऊन गेलो. ती लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने चार मजले चढवली. बाईंनी तिच्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, की गोठ्याचा वास येतो आहे. (तो चहा आणि व्हिनेगर होता.) मग त्या कडेवरच्या खुणा पाहायला वाकल्या, आणि मला आठवले, की या दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी छोटी बॅटरी आणली. मी भिंतीला टेकलो. त्या म्हणाल्या, चावा फार सुंदर आहे, आणि गाईचे दात इतके आपल्यासारखे असतात हे आपल्याला कधी माहीतच नव्हते. मालकांनी मान डोलावली. मीही डोलावली.

तेवढ्यात आतून बाईंचे वडील काठी टेकत आले. जन्मभर शेती केलेला माणूस. गुडघे गेल्यावर जमीन विकून मागच्या वर्षी लेकीकडे आलेला. त्यांनी कडेवर अंगठा फिरवला, आधी या बाजूने, मग त्या बाजूने, मग पुन्हा या बाजूने, आणि माझ्याकडे पाहिले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामा, मी तुमच्या गोठ्यात लहानाचा मोठा झालो, तांबडीच्या तोंडात हात घालून तिला औषध पाजले, आणि एवढे विसरलो, की गाईला वरचे पुढचे दात नसतात. तिथे नुसती हिरडी असते. गव्हाणीवर खुणा वरच्या दातांच्याही होत्या आणि खालच्याही, कारण चावलो होतो मी.

"बाबा, खरी आहे ना?" बाईंनी विचारले. मालक माझ्याकडे बघत होते, मी दाराकडे बघत होतो. बाबांनी कडेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला (माझ्या हिशेबाने वर्षभर).

"खरी आहे," ते म्हणाले. "पण असली गाय मी दुसरी पाहिली नाही."

मग त्यांनी सर्वांना चहा करायला पाठवले. अडसर उचलायला मालकही गेले. आम्ही दोघेच उरल्यावर त्यांनी विचारले, कोण चावले. मी काही न लपवता सगळे सांगितले. ते काठी हातातून पडेपर्यंत हसले, आणि मग स्वतःचे गाऱ्हाणे सांगू लागले. पन्नास वर्षे ते गवतावर बसले, गोणपाटावर झोपले, कोंबड्याने उठवले की उठले. म्हातारपणी लेकीच्या घरी मऊ खुर्चीत बसायचे आणि उन्हे वर आल्यावर उठायचे, एवढी एकच हौस धरून इथे आले. चार महिने ती पुरली. मग बाबांना इथे करमावे म्हणून लेकीने घराचे शेत केले. मऊ खुर्ची विकली, गवताचा गठ्ठा आणला, आणि पहाटे पाचला कोंबड्यासारखा आरवणारा गजर उशाशी ठेवला. पोरीने एवढ्या मायेने केले, तिला नको कसे म्हणायचे?

"तू मला एक गुबगुबीत खुर्ची दे," ते हळूच म्हणाले, "मी तुझ्या गाईला वरचे दात देतो."

आता त्या घरात गुबगुबीत खुर्ची दिसली असती तर बाईंनी ती दारातूनच परत पाठवली असती. म्हणून मी रविवार ते बुधवार, चार संध्याकाळी कारखान्यात थांबून धान्याचे एक पोते तयार केले. बाहेरून गोणपाट, तोंडाला सुतळी (तुमचीच), अंगावर आडत दुकानाचा पुसट शिक्का. आत लाकडी सांगाडा, पाठ, दोन हात आणि नऊ इंच स्पंज. काल दुपारी नेऊन ठेवले. बाबा त्यावर बसले, म्हणजे त्यात गेले. डोके आणि काठी तेवढी वर राहिली. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. बाई मला म्हणाल्या, की बघ, पोत्यावर बसल्यावर कुठे बाबांना आपल्या घरी आल्यासारखे वाटले. बाबांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा मिटला. त्या गजराचे काय करायचे, ते मी त्यांना आधीच दाखवून ठेवले आहे.

संध्याकाळी मालकांनी बोलावले. त्यांना निम्मेच माहीत आहे. एक तारखेपासून मी कायम झालो. मामा, तुमचा शब्द राहिला. काल अकरा दिवसांनी मी पोटभर जेवलो, आणि जेवताना कशाला चावतो आहे याचा विचार केला नाही.

मामीला नमस्कार. तब्येतीला जपावे.

तुमचा आज्ञाधारक
भाचा

ता. क. बाईंच्या खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी गव्हाण पाहिली. त्यांनाही तशीच हवी आहे. ते गुरांचे डॉक्टर आहेत. तेव्हा या वेळी पटाशी चालणार नाही. मालक चिंतेत पडले, आणि मला पुन्हा कुणीही विचारलेले नसताना मी बोलून बसलो. टेम्पोवाला हे पत्र तुमच्या हातात देईल, तोवर त्याने दोन कोऱ्या फळ्या अंगणात उतरवल्या असतील. त्या कृपा करून तांबडीच्या पुढ्यात ठोकाव्यात आणि फेब्रुवारी संपेपर्यंत काढू नयेत. तिने कुरतडले तर ओरडू नये.

ता. क. २. मामीने त्या फळ्या पुसू नयेत. एकदा पुसायला घेतले की कुठे थांबायचे ते कळत नाही.

हिशेब:
व्हिनेगर चार बाटल्या, १८०.
चहापूड, ६०.
स्पंज, ९५० (माझ्या खिशातून, बाबांकडून काही घेतले नाही).
तुम्हाला गव्हाणीचे देणे, १५००, पैकी ७०० सोबत. बाकी ८०० पगार झाल्यावर.
तांबडीला देणे, फळीमागे एक पोते पेंड, मालकांना मान्य. अट एकच, की फक्त खालच्या दातांनी चावावे. पण हे तिला वेगळे सांगावे लागणार नाही.