बुडख्याची खूण

माघ वद्य पंचमी, दिवेलागण

केलं ते केलं. पस्तावा? अजून तरी नाही.

चौकट उभी राहिली की पहिला फेटा सुताराला, ही आपल्याकडची रीत. इंदुरीच्या बापूरावानं परवा माझ्या डोळ्यांदेखत तो फेटा लोणावळ्याच्या रेल्वेबाबूला बांधला. पोराला रेल्वेत चिकटवायचंय ना! वर मला म्हणतो, "तू हो बाजूला, पायात येतोस." दोन महिने त्याचं घर मी उभं करतोय, आणि मी पायात येतो!

आज ओसरीचा मधला खांब बसवला. झाड वाढलं तसाच खांब उभा करायचा, बुडखा खाली, शेंडा वर. उलटा खांब घराला लाभत नाही. म्हणून तर बुडख्याला पटाशीनं तीन खुणा करून ठेवतो. आज त्या खुणा वर गेल्या, तुळईखाली. बापूराव समोरच उभा होता. "झकास," म्हणाला. त्याला काय कळतंय!

पण त्या खुणा रंधा मारून का नाही काढल्या मी? कुणीतरी बघावं असं वाटत होतं का?

बघितलंच. मी निघताना बापूरावाची आई खांबाशी आली. ती रोज अंगणात बसून माझं काम बघायची. ह्याच लेकानं तिची झोपायची वाकळ गोठ्यात टाकलीय. म्हातारीनं वर बघितलं, मग माझ्याकडं.

"सुतारा, खुना वर कशा रं?"

मी हत्यारं पिशवीत भरायला लागलो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घट्ट बसवलाय न्हवं?"