आठवी डबी

४ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तुझ्यावर आळ घेताना माझी जीभ रेटली तरी कशी? याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

तुझ्या तपासणीचा निकाल आला. तुझ्या पोटात काही नाही. दादाला झटके आले तेव्हा डॉक्टरांनी समजावलं होतं, की डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं तर पोटात पट्टकृमी वाढतो. पण दादाच्या मेंदूत झाल्यात तशा गाठी होतात त्या, असा कृमी असलेल्या माणसाच्या न धुतलेल्या हातांनी अंडी दुसऱ्याच्या जेवणात गेल्यामुळे. आपल्या डुकरांच्या फार्मवर स्वयंपाक तू करायचास, एवढ्यावरून मी तुला दोषी ठरवून मोकळी झाले. शिकलेली ना मी! आईनेही माझंच ऐकलं आणि तू पिशवी उचलून निघालास.

फार्मवर जेवणाऱ्या आठ जणांपैकी सात जणांच्या शौचाच्या डब्या तपासायला गेल्या. कुणातच काही निघालं नाही. आठवी माझी. मी ऑफिसात बसते, डुकरांत जात नाही, म्हणून दिलीच नव्हती. दुपारच्या जेवणाला काकडी मात्र रोज मीच चिरते.

दादाच्या गोळ्या चालू आहेत. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी भाची

१० मार्च

चि. पदवीधर बाईस,
अ. उ. आ.

राग आला होता, खोटं कशाला सांगू? तुला पहिला घास मी भरवलेला. पण पत्र वाचून हसूही आलं. अगं, कृमी काय पदवी बघून पोटात शिरतो? मुकाट्याने डबी दे. निकाल काहीही येवो, कुणाला सांगू नकोस. पोरीच्या जातीला लोक नावं ठेवतात. आळ माझ्यावर राहिला तर माझं काय बिघडतं? मी इथे बरा आहे.

जीवाला लावून घेऊ नकोस.

मामा

१९ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

डबी दिली. कृमी माझ्याच पोटात निघाला. कॉलेजात मैत्रिणींच्या नादाने अर्धवट भाजलेलं मांस खाल्लं होतं, ते भोवलं असणार. औषध घेतलं. डुकरांच्या वासाची लाज वाटून मी दिवसातून दोनदा अंघोळ करायचे, आणि शौचाहून आल्यावर साबणाचा मात्र कंटाळा. दोन दिवस खोलीबाहेर पडले नाही.

तुझा सल्ला ऐकला नाही. काल सगळे जेवायला बसल्यावर उभी राहिले आणि सांगितलं, मामाचा काही दोष नव्हता, दादाचं दुखणं माझ्या हातांनी आलं. दादाने ताटातली काकडी बाजूला सारली. आई म्हणाली, अगं हळू बोल, बाहेरची माणसं बसलीत.

म्हणून पुन्हा एकदा सांगितलं, मोठ्याने.

राग ठेव, पण लोभही असू दे.

तुझी भाची